आमच्या नायिका आणि आमच्या मुली

दिवाळीची सुट्टी लागायच्या आधीच्या आठवड्यात आठवीच्या वर्गाला मी वर्षानुवर्षे एकच विषय देत आलो आहे : 'आमच्या घरची दिवाळी'. मी ड्रॉइंगचा मास्तर. शिक्षण विचाराल तर जुन्या भाषेत मॅट्रिक. त्यावर चित्रकलेच्या सरकारी परीक्षा आणि शिक्षकाची पदविका, एवढीच माझी शिदोरी. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, आणि तालुक्याच्या गावात त्या वाचणारी थोडीफार माणसे असल्यामुळे लोक मला लेखकही म्हणतात. हे सांगायचे कारण एवढेच की, पुढे जे लिहिणार आहे ते कुणा पंडिताने केलेले समीक्षण नव्हे. आपल्याच दुकानातला तराजू एकदा तपासून पाहणाऱ्या दुकानदाराचा हा जबाब आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. वर्ग कामाला लागला होता. "सर, स्किन कलर कुणाकडे आहे?" हा प्रश्न अशा तासाला दहादा तरी ऐकू येतो. तेलकट खडूंच्या पेटीत फिकट गुलाबी-पिवळसर असा एक खडू असतो; त्याला आमची मुले 'स्किन कलर' म्हणतात. वर्गातले एकही मूल त्या खडूच्या रंगाचे नाही, तरी तोच खडू सर्वांत आधी झिजतो. अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीने अशाच छटेच्या आपल्या खडूचे 'फ्लेश' हे नाव १९६२ साली बदलून 'पीच' केले. आमच्या वर्गापर्यंत ती दुरुस्ती अजून पोचलेली नाही.

बाकांमधून फिरताना एका मुलीच्या चित्रापाशी थांबलो. चित्र चांगले होते. चकल्या पाडणारी आई, आकाशकंदील बांधणारा बाप, पणती लावणारी आजी. साऱ्यांचे हातपाय तिने तपकिरी खडूने, जसे असतात तसे रंगवले होते. मधोमध परकर-पोलक्यातली एक मुलगी होती, ती तेवढी स्किन कलरची.

"ही कोण गं? पाहुणी का?" मी विचारले.

"नाही सर. मी."

मी तिच्याकडे पाहिले, चित्राकडे पाहिले. माझी अडचण तिला कळली असावी. खडू पेटीत ठेवीत ती म्हणाली, "मोठी झाल्यावरची आहे सर मी. तोवर होईन."

तिच्या आवाजात दुःख नव्हते. दहावीनंतर अकरावी येते तितक्या सहजपणे ती बोलली. मला मात्र पुढच्या बाकापर्यंत जाववेना.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत ही हकीकत सांगितली. सर्वांचे एकमत झाले की, मोबाईलने मुलांची डोकी बिघडवली. मीही मान डोलावली. पण घरी आल्यावर कपाटातली माझी पहिली कादंबरी काढली आणि नायिका जिथे प्रथम येते ते पान उघडले.

तिथे अकरा ओळी आहेत. त्या अकरा ओळींत नायिकेचा केतकी वर्ण आहे, चाफेकळी नाक आहे, शेलाटा बांधा आहे, आणि ती बोलू लागण्यापूर्वीच तिच्या गालांवर चढलेली लाली आहे. तिचे नाव बाराव्या ओळीत येते. ती गावच्या ग्रंथालयात काम करते ही गोष्ट तर त्यानंतर दीड पानाने. जप्तीला आलेला कारकून घरातल्या वस्तूंची यादी करतो, तशी मी तिची यादी केली होती. मग बाकीची दोन पुस्तके काढली. तिथेही तीच तऱ्हा. फरक इतकाच की, दुसऱ्या कादंबरीतली 'गोरीपान' आहे आणि तिसरीतली 'गोरीगोमटी'.

माझ्या वर्गातली मुलगी पेटीतला जो खडू शोधत होती, तो माझ्या टेबलावर कितीतरी वर्षे पडून होता.

वाचकहो, या बाबतीत आपल्या भाषेची श्रीमंती पाहण्यासारखी आहे. गोरी, गोरीपान, गोरीगोमटी, केतकी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळीसावळी. बाजारात तांदळाच्या प्रती लावतात तशा या प्रती लागलेल्या आहेत. त्यांतला 'निमगोरी' हा शब्द मला विशेष करुण वाटतो. गोरेपणाच्या परीक्षेत निम्मे गुण मिळवून काठावर सुटलेली ती मुलगी. 'नाकीडोळी नीटस' हेही तसेच. ऐकायला प्रशंसा, पण लग्नाच्या बोलण्यात हा शब्द आला की जाणत्या बाया ओळखतात की, मुलीच्या रंगाविषयी बोलायचे टाळले आहे. बांध्याची परिभाषाही अशीच फिरत राहिली. 'अंगाने भरलेली' ही एके काळी खात्यापित्या घरची खूण होती. आज तो दोष आहे. 'चवळीची शेंग' ही जी थट्टेची उपमा होती, ती आज मुलींची महत्त्वाकांक्षा झाली आहे.

ही यादी करण्याची रीत मी कुठे शिकलो? अर्थात वाचून. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांनी शिकलेल्या तरुण वाचकांना वेड लावले. नायिकेचे रूप, तिची वेषभूषा, तिची लकब हा त्या कथांच्या आकर्षणाचाच एक भाग होता. फडक्यांच्या रचनेतील सफाई मी नाकारीत नाही. 'प्रतिभासाधन' वाचून मीही बांधणीचे धडे गिरवले. पण त्यांच्यामागून आलेल्या आम्हा लहानमोठ्या लेखकांनी सफाई बाजूला ठेवली आणि यादी तेवढी उचलली. ती उचलणे सोपे होते.

दुसरी वाट नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. ती तर त्याहून जुनी आहे. १८९० च्या सुमारास हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक'मधून क्रमशः येऊ लागली. तिथे यमू आपली कहाणी आपणच सांगते. जी स्वतः बोलते आहे ती आपल्या नाकाची आणि वर्णाची यादी कशाला करील? वाचक तिच्याकडे पाहत नाही, तिच्या डोळ्यांनी पाहतो. शेवटी त्या मुलीच्या देहावर समाजाचा हात पडतो, तिचे केस जबरीने काढले जातात, तेव्हा आपल्या अंगावर काटा येतो. एका सुंदर स्त्रीचे केस गेले म्हणून तो येत नाही. यमूचे गेले म्हणून येतो. १९३४ पासून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली. ते पुस्तक मी निदान पाच वेळा वाचले असेन. लक्ष्मीबाईंचे हसणे, रुसणे, नवऱ्याच्या लहरीपुढे केलेली तारांबळ, सारे डोळ्यांपुढे उभे राहते. त्या गोऱ्या होत्या की सावळ्या, हे माझ्या लक्षातच राहिलेले नाही.

या दोन पुस्तकांनी मला एक गोष्ट शिकवायला हवी होती. देहाचे वर्णन दोन जागांवरून करता येते : एक, पाहणाऱ्याच्या खुर्चीवरून, आणि दुसरी, त्या देहात राहणाऱ्याच्या जागेवरून. आम्ही खुर्ची पसंत केली. 'पाहण्याच्या' कार्यक्रमात मुलाकडची मंडळी बसतात, तीच ती खुर्ची.

असो. केवळ लेखकांनाच कशाला बोल लावावा? आपल्या हातात हा दिवाळी अंक आहे. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही आपली गोड परंपरा. पुढे मुखपृष्ठावर दिव्याशेजारी उभी असलेली स्त्री आली आणि तिथेच राहिली. रघुवीर मुळगावकरांच्या (१९१८–१९७६) देवी आणि स्त्रिया कॅलेंडरांवरून घराघरांत गेल्या. मी ड्रॉइंग शिकलो तो त्या चेहऱ्यांच्या नकला करीत. त्वचेची ती तुकतुकी साधणे येरागबाळ्याचे काम नव्हे, आणि त्या हातापुढे मी आजही नमस्कार करतो. पण नक्कल करताना माझ्या रंगाच्या ताटलीत काय असे? पांढरा, थोडा पिवळा, थोडा तांबडा. नाहीतर सरळ 'फ्लेश टिंट'ची ट्यूब. माझ्या आईच्या हाताचा रंग कसा मिसळायचा, हे मला कुणी शिकवले नाही, आणि मीही कुणाला विचारले नाही.

लेखकाने आणि चित्रकाराने जमीन नांगरून ठेवली. पेरणी करायला व्यापारी आला. १९७५ साली हिंदुस्थान लिव्हरने 'फेअर अँड लव्हली' बाजारात आणले. त्याच्या जाहिरातींचा एक मासला जुन्या प्रेक्षकांना आठवत असेल. म्हातारा बाप हळहळतो की, आपल्याला मुलगा असता तर बरे झाले असते. सावळी मुलगी ते ऐकते, क्रीम लावते, उजळते, विमानात नोकरी मिळवते, आणि बापाला मोठ्या हॉटेलात नेते. महिला संघटनांनी तक्रारी केल्या आणि २००३ साली ती जाहिरात मागे घेतली गेली. मी तिच्याकडे कादंबरीकाराच्या नजरेने पाहतो तेव्हा थक्क होतो. हिच्यात संकट आहे, कलाटणी आहे, सुखान्त आहे. ही अर्ध्या मिनिटाची कादंबरीच आहे. आणि तिचे कथानक आमचेच आहे : आधी रूप, मग भाग्य. आम्ही तीनशे पानांत जे सांगत होतो, ते त्यांनी थोडक्यात सांगितले. २०१४ साली जाहिरातींच्या मानक परिषदेने नियम केला की, सावळ्या माणसाला दुःखी किंवा अपयशी दाखवू नये. आणि २०२० साली त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. नाव बदलले ही चांगली गोष्ट झाली. पण माझ्या वर्गातली मुलगी त्यानंतर मोठी होते आहे, हे विसरून चालणार नाही.

इथे घरची एक गोष्ट सांगतो. १९९४ साल. त्या एका वर्षात सुश्मिता सेन विश्वसुंदरी झाली आणि ऐश्वर्या राय जगत्सुंदरी. मी चौदा वर्षांचा होतो. शेजाऱ्यांच्या टीव्हीपुढे आळी लोटली होती. त्याच वर्षी माझ्या ताईला स्थळे पाहायला सुरुवात झाली. ताई सावळी. कार्यक्रमाच्या आधी पंधरा दिवस आई तिला साय आणि हळद लावून परसात बसवायची. मी उंबऱ्यावर बसून गणिते सोडवीत असे, आणि ताई मला उत्तरे चुकली की तिथूनच ओरडून सांगत असे. पाच स्थळे आली. पाचांचीही उत्तरे एकच : 'पत्रिका जुळत नाही.' पत्रिका आधी जुळवूनच मंडळी चहापोह्यांना आली होती, हे आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलले नाही. ताईसुद्धा नाही. फक्त एक दिवस तिने हळदीची वाटी परसातल्या तुळशीपाशी ओतली आणि "मातीला तरी उजळू दे," असे म्हणून हात धुतले. पुढे तिचे लग्न झाले, संसारही चांगला झाला. पण त्या वर्षातली गणिते सांगणारी, हसणारी ताई मी मनात जपून ठेवली, आणि कादंबरी लिहायला घेतली तेव्हा तीच माझी नायिका झाली.

हो, तीच, केतकी वर्णाची.

ताईच्या वेळी पाहायला येणारे वर्षातून चारपाचदा येत. आजच्या मुलीला पाहायला येणारे दिवसातून शंभरदा येतात, आणि तिच्या हातातल्या फोनमधून येतात. हा फरक लहान नाही. अशी नजर माणसात किती लवकर रुजते याचा एक दाखला प्रशांत महासागरातल्या फिजी बेटांवर मिळतो. तिथल्या मूळ रहिवाशांत भरदार बांध्याला मान होता. एखादी वाळू लागली तर घरच्यांना काळजी वाटे. १९९५ साली तिथल्या नाद्रोगा भागात टीव्ही पोचला. ॲन बेकर या अमेरिकन संशोधिकेने त्याच सुमारास ६३ शाळकरी मुलींना खाण्यापिण्याविषयी आणि शरीराविषयी प्रश्न विचारले, आणि १९९८ साली तशाच दुसऱ्या ६५ मुलींना. खाण्याशी असलेले नाते बिघडल्याची चिन्हे पहिल्या खेपेला १२.७ टक्के मुलींत होती, दुसऱ्या खेपेला २९.२ टक्क्यांत. वजन उतरावे म्हणून मुद्दाम ओकारी काढणारी १९९५ साली एकही नव्हती. १९९८ साली अशा ११.३ टक्के निघाल्या. मुली मोजक्या होत्या, आणि दोन्ही खेपांच्या वेगळ्या होत्या. तेव्हा सारा दोष टीव्हीचाच असे ठामपणे म्हणता येत नाही. तरीही, जिथे आया लेकींना 'आणखी घे' म्हणत होत्या, तिथे तीन वर्षांत लेकी ताट बाजूला सारू लागल्या, एवढे खरे.

इन्स्टाग्राम २०१० साली सुरू झाले. त्याच्या मालक कंपनीचीच आतली कागदपत्रे २०२१ साली बाहेर आली. त्यांत २०१९ सालचा एक कबुलीजबाब होता : तीन किशोरींपैकी एकीच्या मनातले स्वतःच्या शरीराविषयीचे असमाधान आपण वाढवतो. कंपनीने नंतर खुलासा केला की, हा आकडा आधीपासूनच अशा काळजीत असलेल्या मुलींपुरता आहे. मास्तर म्हणून मला त्या खुलाशाने धीर आला नाही. आधीपासून काळजीत असलेल्या मुलीच तर माझ्यापुढे बाकांवर बसतात.

मुलगे यातून सुटले आहेत असे समजू नका. २००७ साली शाहरुख खानने 'ओम शांती ओम'मध्ये पोटावरच्या सहा घड्या दाखवल्या, २००८ साली 'गजनी'त आमीर खानने त्यावर कडी केली, आणि आमच्या चित्रांच्या वह्यांत मुलांचे दंड फुगू लागले. आमच्या भागाला तालमी नव्या नाहीत. खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. त्यांच्या पोटावर किती घड्या होत्या, हे कुणी विचारले नाही. त्यांनी समोरच्याला कसे लोळवले, हे विचारले. तालमीतले शरीर लढण्यासाठी कमावलेले असते. आरशापुढचे शरीर कशासाठी, हे मी एका नववीतल्या मुलाला विचारले. तो म्हणाला, "दिसायला, सर." दोन शब्दांत त्याने आमचे सारे सौंदर्यशास्त्र सांगून टाकले.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तला (२०१३) जब्या आठवा. वर्गातल्या गोऱ्या, वरच्या जातीच्या शालूचे मन वळावे म्हणून तो काळ्या चिमणीची राख मिळवायला रानोमाळ धावतो. रंग, जात आणि प्रेम यांची जी गाठ आम्ही कादंबरीकारांनी गोड शब्दांत झाकली, ती त्या पोराच्या धावण्यात उघडी पडते. आणि त्याच दिग्दर्शकाच्या 'सैराट'मधली (२०१६) आर्ची आपल्याला लक्षात राहते ती बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी म्हणून. ती काय करते ते आपण आधी पाहतो. मग ती आपल्याला सुंदर दिसू लागते. मराठी प्रेक्षकाने दोन्ही चित्रपट डोक्यावर घेतले. तेव्हा 'वाचकांना गोरी नायिकाच लागते' ही आमची सबब आता उरलेली नाही.

काही वाचक विचारतील, "मास्तर, मग सौंदर्य लिहायचेच नाही का?" जरूर लिहावे. ज्या महाराष्ट्राने विटेवरच्या काळ्या मूर्तीवर शतकानुशतके जीव टाकला, त्याला सावळ्या रंगाचे सौंदर्य कळत नाही असे कोण म्हणेल? आपण ते देवाला दिले, सुनेला दिले नाही, एवढेच. पण 'गोरी' खोडून तिथे 'सावळी' लिहिल्याने काम भागत नाही. यादी तशीच राहते, फक्त एक नोंद बदलते, आणि वाचणारी मुलगी पुन्हा यादी हातात घेऊन आरशापुढे जाते. फ्रान्समध्ये २०१७ पासून असा नियम आहे की, जाहिरातीतल्या छायाचित्रात मॉडेलचा बांधा कमीजास्त केला असेल, तर तिथे तसे छापावे. तशी चिठ्ठी कादंबऱ्यांवर लावायची झाली, तर माझ्या तिन्ही पुस्तकांवर ती लावावी लागेल.

माझी कादंबरी ताईने वाचली होती. कधी वाचली हे मला कळले नाही, पण एका भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर, निरांजन बाजूला ठेवता ठेवता ती म्हणाली, "पुस्तक चांगलं झालंय रे. आणि तिचा रंग बदललास ते बरं केलंस. नाहीतर तिचं लग्न जमवायला तुला चार प्रकरणं जास्त लिहावी लागली असती."

सगळे हसले. मीही हसलो, आणि पाकीट तिच्या ताटात टाकले. मराठी कादंबरीवर इतकी नेमकी टीका मी दुसरीकडे वाचलेली नाही.

यंदा त्या कादंबरीची नवी आवृत्ती निघते आहे. प्रकाशकांकडे मी पंधरा दिवसांची मुदत मागितली आहे. त्या अकरा ओळी काढून टाकल्या आहेत. आता परसात हळद लावून बसलेली एक मुलगी उंबऱ्यावरच्या भावाला गणिताचे उत्तर ओरडून सांगते, तिथून कादंबरी सुरू होते. तिच्या रंगाचा उल्लेख यायचा तिथे येतो. पाहायला आलेली माणसे तो काढतात. मी काढीत नाही.

चार प्रकरणे लिहायची राहिली होती. त्यांतले दुसरे चालू आहे. भाऊबीजेला ताई येईल, त्याच्या आत चौथे संपवायचे आहे. आणि सुट्टी संपून शाळा उघडली की पहिल्या तासाला वर्गाला तपकिरी, पिवळा आणि तांबडा हे तीन खडू एकावर एक घासून आपापल्या हाताचा रंग कसा मिसळायचा, ते शिकवायचे आहे. मला स्वतःला तो नीट जमेपर्यंत चार कागद वाया गेले.